वारा फिरण्याआधी

मैत्रिणींनो, मालवणला जाऊन आलेल्या बाईला परत आल्यावर पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘मासे कसे मिळाले?’ मला मात्र हल्ली आमच्या शाळेच्या शिक्षक-खोलीत दुसराच प्रश्न विचारतात. ‘तुम्ही म्हणे त्या मोठ्या छत्रीला लटकून समुद्रावर उडालात! कधी जावं हो त्यासाठी?’ मी सांगते, ‘सकाळी आठ ते साडेदहा.’ की त्या हसतात. त्यांनी महिना विचारलेला असतो आणि मी घड्याळ सांगत असते.

महिनाही सांगणार आहे. पण आधी घड्याळाचं ऐका. कारण महिना चुकला तर फार तर सहल फुकट जाते. घड्याळ चुकलं तेव्हा माझ्या हातून काय होता होता राहिलं, ते मी आजपर्यंत आईलासुद्धा नीटसं सांगितलेलं नाही.

माझं माहेर मालवणचं. ऐकणाऱ्याला वाटतं, हिचं बालपण पाण्यातच गेलं असणार. छे हो! आम्हां मुलींचा समुद्राशी संबंध म्हणजे संध्याकाळी चिवल्याच्या वाळूत जाऊन भेळ खायची आणि दिवेलागणीच्या आत घरी यायचं. सिंधुदुर्ग किल्ला समोर दिसायचा. पण होडीत बसून तिथे गेले ती चौथीच्या सहलीला आणि नंतर एकदम लग्नानंतर, ह्यांना दाखवायला. पुढं कोल्हापूरला संसार थाटला, दोन मुलं झाली, आणि बारा वर्षं दर मे महिन्यात माहेरी जाऊन फणस, काजू, बांगडे खाऊन परत येत राहिले. मधल्या काळात गावाचा किनारा कसा बदलत गेला, ते पाहुणी म्हणून बघत होते. तारकर्ली-देवबागला घरोघरी राहायची सोय झाली, किल्ल्याजवळ लोक नळ्या लावून पाण्याखाली जाऊ लागले, आणि आकाशात त्या रंगीत छत्र्या दिसू लागल्या. पॅरासेलिंग.

आमच्या मागच्या अंगणातून, माडांच्या झावळ्यांमधून ती छत्री दिसायची. मी कपडे वाळत घालत असायची आणि ती लाल-पिवळी छत्री किल्ल्याच्या दिशेनं सावकाश सरकत जायची. खाली दोन पाय लोंबताना दिसायचे. कुणाचे कोण जाणे. मला वाटायचं, एकदा तरी.

गेल्याच्या गेल्या मे महिन्यात ते जमेल असं वाटलं. सकाळी हे मुलाला घेऊन गेले आणि दहाच्या आत उडून आले. मी आणि माझी नऊ वर्षांची लेक ‘नंतर’ जाणार होतो. आता हा ‘नंतर’ शब्द तुमच्या घरीही असेलच. आधी सगळ्यांचा चहा, मग घावणे, मग बाजारात सुरमई ताजी आली म्हणून ती आणणं, साफ करणं, मग जेवणं, मागचं आवरणं, आईची औषधं. ‘आता जरा पड, ऊन उतरू दे’ असं आईच म्हणाली. मी पडले. उठून, वेणी घालून, लेकीला घेऊन किनाऱ्यावर पोचले तेव्हा साडेचार वाजले होते.

माझ्या शाळेतल्या मैत्रिणीचा धाकटा भाऊ तिथे होडी चालवतो. त्यानं आम्हाला लांबूनच पाहिलं आणि हात हलवून नको म्हटलं.

“ताई, आता नको गो. वारो फिरलो हा. सकाळी आठाक ये, मग सोडतंय तुका.”

आणि मी, जी दरवर्षी सातवीच्या वर्गात फळ्यावर बाण काढून ‘खारे वारे आणि मतलई वारे’ शिकवते, ती मी त्याच्यावर रागावले! मनात म्हटलं, सकाळी ह्यांना सोडलंस, मला कशी नाही म्हणतोस? सकाळी आठला मला कोण मोकळं सोडणार आहे?

तुमच्यापैकी ज्यांचा भूगोल लग्नात माहेरीच राहिला असेल, त्यांच्यासाठी दोन ओळी सांगते. रिकामा तवा आणि पाण्यानं भरलेलं पातेलं एकाच वेळी गॅसवर ठेवलं, तर तवा चटकन तापतो, पाण्याला वेळ लागतो. गॅस बंद केला की तवा आधी निवतो, पाणी बराच वेळ कोमट राहतं. जमीन म्हणजे तवा आणि समुद्र म्हणजे पातेलं. रात्री जमीन निवते, म्हणून पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. तो मतलई वारा. हलका असतो, समुद्र त्याच्याखाली इस्त्री केल्यासारखा सपाट दिसतो. उन्हं चढली की जमीन तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची हवा धावत येते. तो खारा वारा. दुपारी दोन-तीनपासून दिवे लागेपर्यंत त्याचं राज्य. या दोन्हींच्या मध्ये, सकाळच्या वेळी, वारा बदलण्याआधी किंवा बदलता बदलता, काही तास सगळं शांत असतं. थंडीत हे तास जरा लांबतात. एप्रिल-मेमध्ये जमीन लवकर आणि जास्त तापते, म्हणून खारा वारा लवकर सुटतो आणि जोरात सुटतो.

छत्रीला वारा हवाच असतो, त्याशिवाय ती फुगणार कशी, असं मलाही वाटायचं. पण छत्रीला लागणारा वारा होडीच्या वेगानंच तयार होतो. वरून जो येतो तो हलका आणि सारखा असला म्हणजे झालं. आणि वारा दुप्पट झाला की छत्रीची ओढ दुप्पट होत नाही, चौपट होते. ती सगळी ओढ एका दोरावर आणि तुमच्या पट्ट्यांवर येते. त्यातून तो झोत्याझोत्यानं येणारा असला तर दोराला हिसके बसतात. कपड्याची दोरी ओल्या चादरींच्या वजनानं क्वचित तुटते. वाऱ्यात चादर फडफडून हिसके बसायला लागले की तुटते, हे आपण सगळ्याच जाणतो.

हे सगळं त्या दिवशीही मला माहीत होतं. तरी मी काय केलं? थोडं पुढं चालत गेले. तिथे दुसरी एक होडी होती. त्यांनी काही विचारलं नाही, पैसे घेतले. त्या पैशांत एक बऱ्यापैकी सुती साडी आली असती. त्यांनी आम्हा दोघींना जाकिटं दिली, पट्टे बांधले, आणि छोट्या होडीतून मोठ्या होडीवर नेलं. आमच्या आधी एका नवीन लग्न झालेल्या जोडप्याचा नंबर होता.

मैत्रिणींनो, लेकीचा पट्टा सैल होता. तो मोठ्या माणसाचा पट्टा होता. तिच्या मांडीभोवती माझे चार बोटं जातील इतकी फट मला दिसत होती. आणि मी बोलले नाही. चार परके पुरुष घाईत काम करताहेत, आपण बाईमाणसानं कशाला शंका काढायची, त्यांना रोजचं माहीत असणार, असं मनाशी म्हणून गप्प बसले. घरी दूधवाल्यानं मापात अर्धा पेला कमी घातलं तर मी त्याला सोडत नाही. इथे मात्र तोंडाला कुलूप.

ते जोडपं वर गेलं. आधी छान गेलं. मग एक जोराचा झोत आला आणि छत्री सरळ मागे राहायची ती एका बाजूला गेली, कलली, आणि दोघं होडीपासून बरीच लांब पाण्यात उतरली. उतरली कसली, आपटलीच. ओली छत्री वाऱ्यानं पुन्हा फुगून त्यांना ओढायला लागली. खलाशांनी होडी वळवून चटकन गाठलं, हे त्यांचं श्रेय. दोघं धडधाकट वर आली. मुलीच्या हातातला नवा चुडा फुटून मनगट कापलं होतं. ती रडत नव्हती, नुसती थरथरत होती. तिच्या मनगटाला बांधायला मी माझा रुमाल दिला.

मी म्हटलं, आम्हाला उतरवा. होडीवाला म्हणाला, पैसे परत मिळणार नाहीत. नकोत म्हटलं. काठावर उतरल्यावर ह्यांनीही तेच विचारलं, “पैसे दिले का परत?” मी मान हलवली. त्या रात्री आम्ही दोघं त्या विषयावर बोललो नाही. लेक मात्र झोपताना म्हणाली, “आई, माझा पट्टा गळत होता.” म्हणजे तिलाही दिसलं होतं, आणि माझ्याकडे बघून तीही गप्प बसली होती.

पुढं कितीतरी दिवस भांडी घासताना, पोळ्या लाटताना तेच वाक्य आठवायचं.

हे सगळं कशाला सांगते? तर ‘कधी जावं’ या प्रश्नाचं उत्तर मी त्यानंतर वर्षभर गोळा करत राहिले म्हणून. आईला फोन केला की बांगड्याच्या भावाच्या आधी वारा विचारायचे. तिला वाटलं, मुलगी बिघडली.

आता महिन्यांचं बोलू. मे महिन्याच्या अखेरीपासून ३१ ऑगस्टपर्यंत प्रश्नच नाही. पावसाळ्यात सागरी मंडळ या सगळ्या जलक्रीडा बंद ठेवतं, किल्ल्यावर जाणाऱ्या होड्यासुद्धा. मोठ्या होड्यांची मासेमारी जून-जुलै बंद. आमच्याकडे नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला की दर्या शांत झाला असं मानतात. पण शांत व्हायला सुरुवात झाली इतकंच. सप्टेंबरात लाटांचा जोर उरलेला असतो, पाणी गढूळ असतं, अधूनमधून सरी येतात. ऑक्टोबरात उकाडा इतका की किनाऱ्यावर उभं राहवत नाही.

मग येते दिवाळीची सुट्टी. आपल्यासारख्यांच्या बहुतेक सहली तेव्हाच निघतात, आणि बहुतेक वर्षी हवा चांगलीही असते. पण आमच्या बाजूला वादळांचे दोन हंगाम असतात, एक पावसाळ्याच्या तोंडाशी आणि एक पावसाळा संपल्यावर. २०१९ च्या दिवाळीत क्यार वादळ समुद्रात होतं; ते किनाऱ्यावर आलंच नाही, तरी देवबागला पाणी वस्तीत शिरलं होतं. २००९ चं फयान ११ नोव्हेंबरला आलं, कोकणातले कितीतरी मच्छीमार त्यात परतले नाहीत. म्हणून दिवाळीत जाणार असाल तर जरूर जा. फक्त निघण्याच्या दोन दिवस आधी वेधशाळेचा इशारा बघा, आणि बंदरावर धोक्याचा बावटा असेल तर मुलं कितीही रडली तरी समुद्रात जाऊ नका.

नोव्हेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ सगळ्यात उत्तम. सकाळी अंगावर शाल घ्यावी असा गारवा, पाणी निवळशंख, वारा आपल्या वेळेवर फिरणारा. यातही दोन वेळा मी टाळायला सांगेन. एक, नाताळ ते ३१ डिसेंबर. तेव्हा हवा छान असते. पण गर्दी इतकी की सकाळी आठला नंबर लावला तर बारा वाजून जातात, म्हणजे पुन्हा फिरलेला वाराच आपल्या वाट्याला. दुसरी आंगणेवाडीची जत्रा. भराडीदेवीच्या जत्रेला ठरलेली तिथी नसते, देवीचा कौल घेऊन दिवस ठरतो. तो साधारण फेब्रुवारीच्या आसपास पडतो, आणि त्या दिवसांत आगगाडीचं तिकीट, राहायची खोली, रिक्षा, काही म्हणता काही मिळत नाही. देवीच्या दर्शनाला जायचं असेल तर त्यासाठीच जा, बाकीचं मनात ठेवू नका.

मार्च-एप्रिल चालतं, सकाळी अगदी लवकर. मे महिन्याबद्दल मी काय सांगणार? सुट्टी तेव्हाच असते, आंबा तेव्हाच असतो. महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात आणि पहाटेच्या सुमारासच, इतकं म्हणते. शेवटच्या आठवड्यात तर नाहीच. पाऊस केरळात पोचायच्या आधीच त्याच्या लाटा आमच्याकडे येऊन पोचतात. २४ मे २०२२ ला तारकर्लीच्या समुद्रात पर्यटकांची होडी उलटून दोघांचा जीव गेला. त्या वर्षी समुद्र बंद व्हायला दोन-चार दिवसच राहिले होते.

तिथीही बघते मी. आमच्या आजीचा हिशेब होता, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, सहाच्या सुमारास पूर्ण भरती. चतुर्थीला तीन. मुंबईला हे बऱ्यापैकी जुळतं, मालवणात भरती जरा आधीच येते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी फार चढतं आणि फार उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाण्याची ओढ कमी. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथे उधाणाच्या ओहोटीचं पाणी समोरून येणाऱ्या वाऱ्याला भिडलं की लाटा ताठ उभ्या राहतात. म्हणून मी आपली सप्तमी ते दशमी निवडते. एरवीही पंचांग आपल्याच हातात असतं, त्यात एक कारण आणखी.

आणि कॅलेंडरवर आपल्या बायकांचा आणखी एक हिशेब असतो, तो सहलीच्या कुठल्याच जाहिरातीत छापलेला नसतो. चारचौघींत बोलत नाही, पण लिहायला हरकत नसावी. घरातले सगळे रजा, परीक्षा, तिकिटं बघून तारीख ठरवतात आणि मग आपण स्वयंपाकघरात कॅलेंडरसमोर उभ्या राहून मनातल्या मनात बोटं मोजतो. ऐन वेळी गोळी घेऊन पाळी पुढं ढकलण्याची सवय काहीजणींना आहे. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ नका. त्यापेक्षा तारीख ठरताना मोठ्यानं सांगा, ‘त्या आठवड्यात मला जमणार नाही.’ कारण विचारलं तर सांगा, नाही विचारलं तर उत्तम. मी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा हे पेपरमधून वर न बघता म्हणाले, “बरं, मग पुढचा आठवडा.” बारा वर्षं मी उगीचच अडून बसले होते!

तर अशी सगळी जुळवाजुळव करून गेल्या जानेवारीत, संक्रांतीचं हळदीकुंकू उरकल्यावर, आम्ही फोंडा घाटानं मालवणला उतरलो. मुलांची दोन दिवस शाळा बुडवली. शिक्षिकेनं हे छापून आणावं की नाही, प्रश्नच आहे. माझं काय, मी तासिकेवर शिकवते. जितके तास बुडाले तितके पैसे कमी.

हातात तीन सकाळी होत्या. हे फार महत्त्वाचं. एकच सकाळ घेऊन गेलात की वारा कसाही असो, उडायचंच असं मनाला वाटायला लागतं; मे महिन्यात माझं तेच झालं होतं.

पहिली सकाळ गेली. वाऱ्यामुळं नाही हं. मी साडेसातला तयार झाले, तोच धाकट्या आत्या भेटायला आल्या. त्या बसल्या, चहा झाला, मग त्यांच्या सुनेची हकीकत झाली. ‘अगो बस मगे, खय पळतंस?’ म्हणून त्यांनी हात धरून बसवलं. घड्याळात साडेअकरा. माडाच्या झावळ्या सळसळायला लागल्या होत्या. मी गेलेच नाही. आधीची मी असते तर चार वाजता गेले असते.

त्या रात्री जेवताना मी सांगून टाकलं, “उद्या सकाळचा चहा आणि न्याहारी मी करणार नाही. मला साडेसातला निघायचं आहे.” कुणी काही बोललं नाही. आई तेवढी म्हणाली, “गो, जिन्यार चढताना धापा टाकतंस आणि आता उडाक जातंस?” पण सकाळी बघते तर लाल नऊवारी नेसून, चप्पल घालून माझ्या आधी तीच तयार.

निघण्यापूर्वीच्या चार गोष्टी सांगते. पोट गच्च भरून जाऊ नका आणि उपाशीही जाऊ नका. मी अर्धा कप चहा आणि एक कोरडा घावणा खाल्ला. साडी अजिबात नको, ओढणीही नको. सलवार-कमीज असेल तर आटोपशीर, पायात न अडकणारी. मंगळसूत्र, काचेच्या बांगड्या, कानातले झुबे घरी काढून ठेवा. यावरून कुणी बोललं तर बोलू द्या, त्या मुलीचं मनगट मी पाहिलं आहे. चष्मा दोरीनं बांधा. केस घट्ट. दिवस गेलेले असतील, नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, पाठीचं, हृदयाचं, रक्तदाबाचं दुखणं असेल, फिट येत असेल, तर काठावर बसून शहाळं प्यावं. त्यातही मजा आहे.

किनाऱ्यावर पोचलो तेव्हा आठ वाजले होते. समुद्र तळ्यासारखा. मी आधी पाच मिनिटं नुसती बघत उभी राहिले. लाटांच्या माथ्यावर फेस दिसतो का, बावटे किती ताठ उभे आहेत, मघाशी वर गेलेली छत्री होडीच्या सरळ मागे आहे की तिरकी. सगळं ठीक. मग मैत्रिणीच्या भावाकडे गेले, आणि मे महिन्यात गिळलेले सगळे प्रश्न विचारले. सागरी मंडळाचा परवाना आहे का? दोर कधी बदलला? मला बघू दे. कुठे गाठ मारलेली नाही ना? तुमच्यापैकी काहींनी तो व्हिडिओ पाहिला असेल, २०२१ च्या नोव्हेंबरात दीवला एका जोडप्याचा दोर वर गेल्यावर तुटला होता. जाकिटं अंगात होती म्हणून दोघं वाचली. तेव्हा दोराला हात लावून बघण्यात कसली लाज?

तो रागावला नाही. उलट म्हणाला, “ताई, अशी विचारणारी माणसा आमका बरी वाटतत.” दोर दाखवला, रिळावरून सोडून बोटांखाली सरकवू दिला. मुलांसाठी लहान मापाचे पट्टे वेगळे ठेवलेले होते, तेही दाखवले.

लेक म्हणाली, “आई, मला नाही जायचं.”

मी आग्रह केला नाही. ती आजीचा हात धरून काठावर उभी राहिली.

मांडीभोवतीचा पट्टा मी स्वतः दोनदा ओढून पाहिला. होडी निघाली. मागं छत्री धरलेल्या दोघांनी ती सोडली, ती फुगली, आणि पायाखालचं लाकूड हलकेच सुटलं. मला वाटलं होतं पोटात गोळा येईल. तसं काही झालं नाही. पाळण्यात बसल्यावर जसा पाळणा मागं जातो आणि तिथेच थांबतो, तसं वाटलं. थोडं वर गेल्यावर होडीच्या इंजिनाचा आवाज कमी कमी होत गेला आणि मग इतकं शांत झालं की छत्रीच्या कापडाची किंचित सळसळ ऐकू येऊ लागली. घरात इतकं शांत कधी असतं? पहाटे पाच वाजतासुद्धा नसतं, तेव्हा नळाला पाणी येत असतं.

किल्ला पहिल्यांदाच सबंध दिसला. खालून नुसता तट दिसतो. वरून त्याची सगळी नागमोडी तटबंदी, आतली हिरवी झाडं, देवळांची शिखरं. १६६४ मध्ये त्याचा पाया घातला, हे मी मुलांकडून पाठ करून घेते. पण तो असा वाकडातिकडा, बेटाच्या अंगाअंगानं गेलेला आहे, ते मलाच ठाऊक नव्हतं. दक्षिणेकडे देवबागची ती चिंचोळी पट्टी, एकीकडे नदी, एकीकडे समुद्र, मध्ये माड. क्यारच्या वेळी पाणी तिथे कसं शिरलं असेल ते बघितल्यावर कळलं. आमचं घर शोधायचा प्रयत्न केला. सगळीच कौलं सारखी, आणि सगळ्यांच्या मागच्या दारी कपडे वाळत घातलेले.

मग खाली काठावर बघितलं. आईचं लाल लुगडं ठिपक्याएवढं दिसत होतं आणि त्याच्या बाजूला दुसरा ठिपका उड्या मारत होता.

चार-पाच मिनिटांचा खेळ. उतरताना त्यांनी विचारलं, पाण्यात पाय बुडवू का? बुडवा म्हटलं. थंड पाणी पोटऱ्यांपर्यंत आलं आणि पुन्हा वर उचललं. होडीवर पाय टेकले तेव्हा साडेनऊ वाजायचे होते. झावळ्या अजून हललेल्या नव्हत्या.

घरी आले तर ह्यांनी चहा केला होता. न्याहारीला शेजारून आंबोळ्या आल्या होत्या. दूध उतू जाऊन शेगडीच्या खाली, ओट्यावर, पार कडेपर्यंत ओघळलं होतं, आणि कुणाला ते दिसलं नव्हतं. मी ते तसंच ठेवून आधी अंघोळीला गेले, केस धुतले.

केस पुसत बाहेर आले तर लेक कॅलेंडरसमोर उभी. “आई, आज नवमी ना? मग उद्या भरती किती वाजता?”

“तूच काढ हिशेब.”

तिनं बोटं मोजली. “दहाची पाऊणपट… साडेसात. इथे त्याच्याही आधी.” मग जरा थांबून, माझ्याकडे न बघता, “त्यांच्याकडे लहान पट्टे होते. मी पाहिले. पण बांधायचे तूच.”

दुसऱ्या दिवशी सात वाजता मी केसांना तेल लावत होते, तर ती दारात चप्पल घालून उभी.